तळपाय गार पडतात तेव्हा

बीडहून सोलापूरच्या रस्त्याला लागले की मांजरसुंब्याचा घाट चढण्याआधी पाली लागते. बालाघाटाचा पायथा, बिंदुसरेचे धरण आणि भोवती दगडगोट्यांची हलकी जमीन. अशा मुलखात विंचवाला घर शोधावे लागत नाही. बांधाची कपार, सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची रास, भिंतीतला निसटलेला दगड, रात्री दाराबाहेर राहिलेले पायताण, त्याला कुठेही भागते. मराठवाड्यातल्या असल्या गावांत विंचू चावणे ही पिढ्यान्‌पिढ्या नित्याची गोष्ट होती आणि तिच्यावरचा इलाजही ठरलेला होता: विंचू उतरवणाऱ्याला बोलवा.

विंचू उतरवणे हा जुना रिवाज आहे. उतरवणारा बहुधा गावातलाच शेतकरी असे. मंत्र ग्रहणात जागवायचा, त्याचे पैसे घ्यायचे नाहीत, कुणी अपरात्री हाक मारली तरी नाही म्हणायचे नाही, हे त्याचे नेम. तो आधी विचारी, विष कुठवर चढले? कोपरापर्यंत? खांद्यापर्यंत? मग कडुलिंबाच्या डहाळीने वरून खाली झाडत, तोंडाने पुटपुटत, ठणका खांद्यावरून कोपराला, कोपरावरून मनगटाला आणि शेवटी दंशाच्या जागी आणून सोडी. घरोघरी याला जोडउपाय असत. चिंचोका दगडावर घासून गरम गरम चिकटवायचा, आघाड्याचे मूळ उगाळून लावायचे, कांदा ठेचून चोळायचा. पहाटेपर्यंत माणूस शांत झोपी जाई आणि मंत्राचा लौकिक आणखी एका घराने वाढे.

हा लौकिक फसवणुकीवर उभा नव्हता. रात्री-बेरात्री उठून फुकट येणाऱ्या माणसाला ढोंगी म्हणणे अन्यायाचे आहे. खरी गोष्ट अशी की महाराष्ट्रात आढळणाऱ्या विंचवांपैकी बहुतेकांचा दंश जीव घेत नाही. बोटभर लांबीचा, जाड नांग्यांचा काळा विंचू, ज्याला इंगळी म्हणतात, तो दिसायला भयंकर. पण त्याच्या दंशाने होते ती प्रामुख्याने वेदना. ती नसांच्या वाटेने वर सरकते, काही तास छळते आणि आपली आपण ओसरते. मंत्र म्हटला तरी ओसरते, न म्हटला तरी ओसरते. शंभरातले बहुतेक लोक बरे होत आणि श्रेय मंत्राला जाई.

उरलेल्यांचा प्रश्न होता. कधी तरी एखादे पोर असे निघे की त्याला फार दुखतच नसे. ते ओकायचे, घामाने अंथरूण भिजवायचे, हातपाय गार पडायचे. काही तासांत छातीत घरघर लागायची, तोंडाला लालसर फेस यायचा आणि पहाट व्हायच्या आत सगळे संपलेले असे. गाव म्हणे, विष काळजापर्यंत गेले.

विंचू विंचवांत फरक आहे हे भारतीय वैद्यकाला फार पूर्वी ठाऊक होते. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात विंचवांचे 30 प्रकार सांगितले आहेत: 12 मंदविष, 3 मध्यमविष आणि 15 महाविष. महाविष विंचवाच्या दंशाने प्राण जातो, हेही तिथे नोंदले आहे. ज्यांनी ही वर्गवारी केली त्यांनी दंश झालेली माणसे पुष्कळ पाहिली असणार. पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘विंचू चावला’ हे भारूड रचले. विंचू आणि त्याचा उतारा या घरोघरच्या अनुभवातूनच त्यांनी कामक्रोधाचे विष आणि त्यावरचा सत्त्वगुणाचा उतारा श्रोत्यांना समजावला. गोदाकाठच्या श्रोत्यांपुढे त्या वेदनेचे वेगळे वर्णन करायची गरज नव्हती.

विसाव्या शतकात परळच्या हाफकिन संस्थेत या परंपरेची तपासणी सुरू झाली. डॉ. म्हसकर आणि फादर कायुस यांनी सर्पदंशावरच्या गावठी वनस्पती एकेक करून पारखल्या आणि 1931 साली निष्कर्ष दिला की त्यांतली एकही सापाच्या विषावर चालत नाही. पुढच्याच वर्षी, 1932 साली, त्याच दोघांनी भारतीय विंचवांवर स्वतंत्र ग्रंथिका लिहिली. विंचवाच्या अभ्यासाला शास्त्राची बैठक मिळाली. पण खेड्यातल्या डॉक्टरच्या हाती त्यातून इलाज आला नाही.

मारणारा विंचू कोणता, हे मात्र हळूहळू पक्के होत गेले. तो लहान, तांबूस-पिवळ्या रंगाचा, बारीक नांग्यांचा लाल विंचू. शास्त्रात त्याचे नाव एकेकाळी ब्युथस टॅम्युलस होते, नंतर मेसोब्युथस झाले, आता हॉटेंटोटा टॅम्युलस आहे. कोकणच्या जांभ्या दगडात तो विपुल, आणि देशावर, मराठवाड्यात, कर्नाटकापासून तमिळनाडूपर्यंतही त्याचा वावर आहे. 1961 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले यांनी विंचूदंशानंतर फुप्फुसांत पाणी भरण्याच्या विकाराची नोंद छापली. माणूस मरतो तो फुप्फुसे भरल्याने, एवढे कळले. फुप्फुसे का भरतात आणि ती रिकामी कशी करायची, हे कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली.

ते ज्याने शोधले तो माणूस मराठवाड्यातलाच. डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म 1951 साली भोकरदन तालुक्यातल्या देहेडचा, म्हणजे आजच्या जालना जिल्ह्यातला. घरी गरिबी, शिक्षण कष्टाचे, एमबीबीएस नागपूरच्या शासकीय महाविद्यालयात. 1976 साली त्यांची नेमणूक महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, रायगड हे नाव 1981 साली आले. विंचू चावलेली मुले तिथे येत आणि डोळ्यांदेखत जात. बड्या रुग्णालयाची साधने जवळ नव्हती. होते ते स्वतःचे डोळे, स्टेथोस्कोप, रक्तदाब मोजायचे यंत्र आणि रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसून राहायची तयारी.

त्यांनी तेच केले. दंश किती वाजता झाला, उलटी केव्हा झाली, घाम केव्हा फुटला, नाडी किती, रक्तदाब किती, तळपाय गरम आहेत की गार, हे ते तासातासाला लिहीत गेले. या नोंदींतून काढलेला त्यांचा लेख 1982 साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयावर संकट येण्याआधीची लक्षणे कोणती, हा त्याचा विषय. उलट्या, अंगभर धारा लागणारा घाम आणि गार पडलेले हातपाय दिसले की पुढे काय येणार हे आधीच सांगता येते, हे त्यातून डॉक्टरांच्या हाती आले. या नोंदींत आणखी एक विलक्षण बाब होती. ज्यांना दंशाच्या जागी असह्य ठणका होता ते बहुधा धोक्याबाहेर असत आणि ज्यांना फारसे दुखत नसे त्यांचीच प्रकृती ढासळे. म्हणजे मांत्रिक ज्या खुणेवरून विष उतरल्याचे ठरवी, तीच खूण काही रुग्णांत घात जवळ आल्याची असू शकत होती.

गार तळपाय ही त्या नोंदींतली सर्वांत बोलकी गोष्ट होती, आणि ती समजायची तर रक्तवाहिन्यांकडे वळावे लागते.

माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि विश्रांतीच्या वेळीही हृदय मिनिटाला साधारण तेवढेच रक्त पुढे ढकलते. विल्यम हार्वे यांनी 1628 साली अशाच हिशेबाच्या जोरावर रक्ताभिसरण सिद्ध केले. हृदय एवढे रक्त बाहेर टाकते, तर ते दर वेळी नव्याने तयार होणे शक्य नाही. तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. ते धमन्यांतून शिरांत जाते कसे, हे मात्र हार्वेंना दिसले नाही. 1661 साली मार्चेल्लो माल्पिघी यांनी बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या पाहिल्या आणि वर्तुळ पुरे झाले.

हृदयातून निघणारी महाधमनी जवळजवळ अडीच सेंटिमीटर रुंद असते. तिच्या भिंतीत लवचिक तंतू भरपूर असतात. हृदयाच्या ठोक्याने ती फुगते, दोन ठोक्यांच्या मध्ये आकसते आणि म्हणून रक्त अडखळत न जाता वाहत राहते. तिला फाटे फुटत फुटत धमन्या बारीक होतात. शेवटच्या फाट्यांना धमनिका म्हणतात, आणि त्यांचा व्यास मिलिमीटरच्या काही दशांशांहूनही कमी असतो. पण त्यांची भिंत आतल्या पोकळीच्या मानाने जाड असते आणि त्या जाडीत स्नायू असतो, गोल वळसे घातलेला. या धमनिकांपुढे केशवाहिन्या. त्यांची भिंत एकाच पेशीच्या जाडीची, रुंदी लाल रक्तपेशी जेमतेम सरकेल एवढी. प्राणवायू आणि अन्नरस ऊतींना मिळतात ते इथे. मग शिरिका, मग शिरा. शिरांच्या भिंती पातळ आणि ढिल्या, हातापायांतल्या शिरांत रक्त मागे येऊ न देणाऱ्या झडपा. शरीरातल्या रक्ताचा सुमारे साठ टक्के साठा एरवी शिरांतच असतो.

या सगळ्यांत सत्ता चालते ती धमनिकांची. पाटपाण्याची पाळी केलेल्या माणसाला हे लगेच कळेल. मुख्य पाटात पाणी कितीही असले तरी कोणत्या वाफ्याला किती जायचे हे चारीच्या दाऱ्यावर ठरते, आणि सगळी दारी एकदम बंद केली तर पाणी मागे तुंबून पाटच फुटतो. धमनिका हीच ती दारी. फरक एवढाच की इथे थोड्या आकसण्याचा परिणाम प्रचंड असतो. रक्तप्रवाहाच्या कुतूहलापोटीच बारीक नळ्यांवर प्रयोग करणारे फ्रेंच डॉक्टर प्वाझय यांनी एकोणिसाव्या शतकात दाखवले की प्रवाह नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली की अडथळा सोळापट होतो.

दारी उघडणे-मिटणे मज्जातंतूंच्या हाती असते. 1851 साली क्लोद बर्नार यांनी सशाच्या मानेतला अनुकंपी मज्जातंतू कापला तेव्हा त्या बाजूचा कान ऊन झाला. मज्जातंतूचा ताबा सुटला, वाहिन्या सैलावल्या, रक्त वाढले. त्याच तंतूला विजेने चेतवले की कान गार पडतो, हे लवकरच दिसून आले. 1948 साली रेमंड आल्क्विस्ट यांनी सांगितले की ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये पेशींवरच्या दोन प्रकारच्या ग्राहकांवर काम करतात, अल्फा आणि बीटा. वाहिन्यांचा स्नायू आवळला जातो तो प्रामुख्याने अल्फा ग्राहकांमुळे.

आता बिरवाडीतले ते गार तळपाय. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या टोकांवरच्या सोडियमच्या वाटा उघड्या धरून ठेवते. तंतू थांबायचे नाव घेत नाहीत. आधी उलट्या, लाळ, घाम, मंद नाडी. मग अनुकंपी बाजू उसळते. ॲड्रिनलिन आणि नॉरॲड्रिनलिन रक्तात ओतली जातात आणि शरीरभरच्या धमनिका एकाच वेळी आवळल्या जातात. त्वचेचे रक्त तुटते, म्हणून तळपाय गार. शिराही आवळतात आणि त्यांच्यातला साठा हृदयाकडे लोटला जातो. डाव्या जवनिकेवर दोन्हीकडून ओझे येते: मागून जास्त रक्त, पुढे बंद दारी. शिवाय त्याच द्रव्यांचा मारा हृदयाच्या स्नायूलाही लुळा करतो. मग रक्त मागे तुंबते, डाव्या कर्णिकेत, तिथून फुप्फुसांच्या शिरांत, तिथून फुप्फुसांच्या केशवाहिन्यांत.

या केशवाहिन्यांतला दाब एरवी पाऱ्याच्या सात ते दहा मिलिमीटरच्या घरात असतो. रक्तातली प्रथिने पाणी धरून ठेवतात ती साधारण पंचवीस मिलिमीटरच्या ताकदीने. अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 साली मांडलेला हा तोल आहे. दाब पंचवीसच्या वर गेला की तोल मोडतो आणि एका पेशीच्या भिंतीतून पाणी वायुकोशांत झिरपू लागते. गाव म्हणे विष काळजापर्यंत गेले. घडत होते ते असे. विष स्वतः फुप्फुस जाळत नव्हते. त्याने फक्त दारी मिटायचा हुकूम दिला होता आणि बाकीचे शरीराने स्वतःच केले होते.

तोपर्यंतच्या उपचारांना यश का येत नव्हते, तेही यातून उलगडते. ॲट्रोपिनने नाडी आणखी धावे. गुंगीच्या औषधांच्या मिश्रणाने रुग्ण शांत दिसे, पण आवळलेल्या वाहिन्या तशाच राहत. धाप लागलेल्याला सलाइन लावले तर भरलेल्या फुप्फुसांत आणखी भर. डिजॉक्सिन आणि स्टेरॉइड यांचाही उपयोग होत नसे. फुप्फुसांत पाणी भरलेल्या रुग्णांपैकी शंभरात पंचवीस-तीस दगावत.

बावस्करांनी सरळ वाहिन्यांनाच हात घातला. सुरुवातीला त्यांनी वाहिन्या सैल करणारे सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून दिले. ते गुणकारी होते, पण थेंबाथेंबावर नजर ठेवावी लागे. खेड्यात ते अवघड. मग त्यांची नजर प्राझोसिनवर गेली. रक्तदाबासाठी सत्तरच्या दशकात बाजारात आलेली ही साधी गोळी अल्फा ग्राहकच अडवते, म्हणजे विषाने जो हुकूम सोडला तो स्नायूपर्यंत पोचू देत नाही. मात्राही अल्प: मुलांना वजनाच्या किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, मोठ्यांना अर्धा मिलिग्रॅम, तोंडावाटे. पहिल्या मात्रेनंतर उठून बसले तर रक्तदाब एकदम घसरू शकतो, म्हणून रुग्णाला आडवेच ठेवायचे. ठरावीक तासांनी मात्रा पुन्हा द्यायची, ती कुठवर, तर तळपाय गरम होईपर्यंत. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह लिहिलेला प्राझोसिनवरचा त्यांचा लेख 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे प्राझोसिन वेळेवर मिळालेल्या रुग्णांतला मृत्यूचा दर एक-दोन टक्क्यांवर उतरला.

या शोधाची थोरवी मोजताना त्याची जागा विसरता कामा नये. सशाच्या कानापासून अल्फा ग्राहकापर्यंतचे ज्ञान छापील पुस्तकांत होते, गोळी दुकानात होती, आणि मुले तरीही मरत होती. दोन्हींना जोडायला तळपायाला हात लावून बसणारा माणूस लागला. तो एका प्राथमिक आरोग्य केंद्रात निघाला, ही महाराष्ट्राने मनापासून अभिमान बाळगावी अशी घटना आहे. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विंचवाने उलट दिशेनेही शास्त्राला काही दिले. 1990 साली याच लाल विंचवाच्या विषातून आयबेरिओटॉक्सिन नावाचे प्रथिन वेगळे करण्यात आले. वाहिनीच्या स्नायूपेशीला सैल व्हायला मदत करणारी पोटॅशियमची एक वाट असते. हे प्रथिन नेमकी तीच बंद करते. त्यामुळे रक्तवाहिन्या कशा आवळतात आणि कशा सैलावतात याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते नेहमीचे साधन झाले.

बीड जिल्ह्यात हा इतिहास अजून जुना झालेला नाही. दसरा-दिवाळीनंतर इथून लाखो माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाची उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरे सोबत. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते अक्षरशः यांचे. फडाच्या कडेला कोपी, खाली पाचट, उजेड नाही, पहाटे अंधारात मोळ्या बांधायच्या. विंचू आणि साप दोघांनाही पाचट आवडते. मुलूख परका, दवाखाना कुठे ते ठाऊक नाही, गाडी मुकादमाच्या मर्जीवर. अशा वेळी टोळीतलाच कुणी जाणता मंत्र म्हणायला पुढे येतो आणि दोन-चार तास तिथेच जातात.

ते तास मोलाचे आहेत. हाफकिनमध्ये लाल विंचवाच्या विषावरची प्रतिलस तयार झाल्यावर बावस्कर दांपत्याने महाडला 70 रुग्णांवर तुलना केली. 35 जणांना नुसते प्राझोसिन, 35 जणांना प्राझोसिनसोबत प्रतिलस. 2011 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या या अभ्यासात दहा तासांच्या आत पूर्ण बरे झाले ते प्रतिलस मिळालेल्यांपैकी 32, नुसत्या गोळीवर असलेल्यांपैकी 8. प्रतिलस रक्तात फिरणारे विष निकामी करते. मज्जातंतूंच्या टोकांशी आधीच जाऊन बसलेल्या विषावर तिचा जोर फारसा चालत नाही, म्हणून ती जितक्या लवकर मिळेल तितकी चांगली. गोळी मात्र उशीर झाला तरी दारी उघडते, आणि ती कुठल्याही आरोग्य केंद्राच्या कपाटात मावण्याइतकी स्वस्त आहे.

मंत्र म्हणणाऱ्याशी भांडण करण्यात यातला एकही तास घालवायची गरज नाही. गाडी येईपर्यंत त्याने खुशाल डहाळी फिरवावी. रुग्णाला उलटी झाली का, घाम फुटला का, तळपाय गार लागतात का, एवढे मात्र त्यानेही हात लावून पाहावे, आणि तसे असेल तर दुखणे कमी झाले म्हणून गाडी परत पाठवू नये.